दाराशी कोण उभी आहे ते पाहा

ऑफिसच्या फायलींना नियम असतो. ठरलेली वर्षं भरली की रद्दीत. किश्श्यांना असा नियम नाही, म्हणून आमच्या विद्यार्थी विकास विभागात फायली कमी आणि किस्से जास्त झालेत. कुणी चहाला येऊन बसलं की एखादा निघतो, आणि एक ओढला की वरच्या फळीवरचे आणखी चार अंगावर पडतात. विद्यापीठाचं नाव मात्र विचारू नका, माझी पेन्शन सुरू व्हायची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं आहे, एवढं पुरे.

मी सहारे. सगळे सहारेबाई म्हणतात. मूळची ब्रह्मपुरीची. ऑफिसात मी 'मला' म्हणते, डोकं फिरलं की 'मले' म्हणते. मजल्यावरच्या लोकांना त्यावरून हवामान कळतं.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. जुलैत विभागाला दोन नवीन माणसं मिळाली, अकरा महिन्यांच्या करारावर. चेतन नागपूरचा, स्नेहल नाशिकची. त्यांच्यासोबत वरून एक पत्रही आलं. दोघांपैकी निदान एकजण पुढच्या वर्षी राहिला तर विभाग चालू राहील, नाहीतर मी निवृत्त झाल्यावर खोलीला कुलूप, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या अडचणी पोर्टलवर नोंदवाव्यात. ज्या पोरींना समोर बसून दोन वाक्यं बोलायला दोन महिने लागतात, त्या पोर्टलवर काय लिहिणार, हे पत्रात नव्हतं.

म्हणजे या दोघांना टिकवणं हे माझं शेवटचं काम. बाकी तीस वर्षांत काय केलं ते कुणी विचारणार नव्हतं.

* * *

आल्या आल्या दोघांना पाच दिवसांचं प्रशिक्षण. व्यावसायिक विकास. ट्रेनर पुण्याहून आले होते, अंगात जॅकेट आणि कॉलरला माइक. हॉलमध्ये आम्ही सगळे मिळून अकरा माणसं, माइकशिवायही चाललं असतं.

सुरुवात ओळखीच्या खेळानं. "तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?" प्रत्येकानं उभं राहून सांगायचं.

चेतन छाती काढून म्हणाला, "वाघ."

आमच्या यशोदाबाई चहा वाटत होत्या. यशोदाबाई म्हणजे विभागाच्या शिपाई, धानोऱ्याकडच्या, माझ्याही आधीपासून इथे आहेत. कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "वाघ कायले होता साहेब? इकडे वाघाले आधी कॅमेरा लावतेत, मंग पिंजरा, मंग गाडीत घालून दुसरीकडे नेऊन सोडतेत. तुमाले तर आत्ताच आणून सोडलं."

ट्रेनर सरांनी ते "लोकल पर्स्पेक्टिव्ह" म्हणून फळ्यावर लिहून घेतलं.

* * *

तिसऱ्या दिवशी रोल-प्ले होता. ट्रेनर सर समुपदेशक, मी विद्यार्थिनी. खुर्च्या तिरप्या मांडल्या, मधलं टेबल काढलं. "बाई, तुमच्याकडे जशी विद्यार्थिनी येते, अगदी तश्शी वागा," असं सरांनी बजावून सांगितलं.

मी तशीच वागले. पदराचं टोक धरून खाली बघत बसले.

"कशी आहेस?"

"बरी हाव जी."

"काही त्रास होतोय का?"

"नाई जी."

"मग आज इकडे कशी आलीस?"

"असंच."

सरांनी मान हलवली. त्यांच्या पद्धतीप्रमाणे शांतता राखली. मी पण राखली. शांतता राखायची तर आमच्याकडची पोरगी दुपारपर्यंत राखू शकते. सरांनी प्रश्न फिरवून विचारला, उलटून विचारला, थोडं पुढे वाकून विचारला. मी "हो जी" आणि "नाई जी" यांच्या पलीकडे गेले नाही. वीस मिनिटांनी सरांच्या कपाळावर घाम आला. शांतता सहन होईना म्हणून त्यांनी स्वतःचं एक उदाहरण दिलं, मग त्या उदाहरणाच्या मागचं कारण सांगितलं, आणि बघता बघता ते आपल्या बायकोबद्दल बोलायला लागले. ती माहेरी निघून गेली होती. मी त्यांना पाणी दिलं.

संध्याकाळी माझ्या अभिप्राय पत्रकावर त्यांनी लिहिलं, "उत्कृष्ट श्रोता. पुढील प्रशिक्षणाची गरज नाही."

* * *

चेतनचं एकच सांगते, कारण तो फार काळ नव्हता.

हॉस्टेलच्या रजेच्या अर्जावर तीन कारणं छापलेली होती. आजारपण, लग्न, घरातील मृत्यू. यापैकी एकावर खूण केल्याशिवाय रजा मिळत नसे. नोव्हेंबरात ब्रह्मपुरीकडची पोरं धान कापायला घरी जातात. धान कापणं हे आजारपण नाही आणि लग्नही नाही, त्यामुळे दर नोव्हेंबरात आमच्याकडे मृत्यूंची रांग लागते. आम्ही जुनी माणसं सही करतो आणि कापणी कशी आहे ते विचारतो.

चेतन प्रशिक्षण घेऊन ताजा होता. एका पोराच्या अर्जावर आजोबांचा मृत्यू वाचून त्याला खरोखर वाईट वाटलं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की चोवीस तासांत कुटुंबाशी संपर्क साधावा. त्यानं अर्जावरचा घरचा नंबर लावला. पलीकडे म्हातारा आवाज.

चेतन हळू आवाजात म्हणाला, "मी विद्यापीठातून बोलतोय. आजोबांबद्दल कळलं. फार वाईट झालं. आपण त्यांचे कोण?"

पलीकडे जरा वेळ विळ्यांचा आणि माणसांचा आवाज. मग म्हातारा म्हणाला, "मीच जी तो. मेलो म्हणून लिवलं असन पोट्ट्यानं. लिवू द्या. त्याले चार दिवस जास्तीचे भेटत असन तर तेरवी बी लिवून टाका."

चेतननं चार दिवस वाढवून दिले. पोरगा गुणी होता चेतन, पण डिसेंबरात त्याला बँकेची ऑर्डर आली. तो गेला त्या दिवशी यशोदाबाई त्याची खुर्ची पुसत म्हणाल्या, "नेऊन सोडला." बस. राहिली एकटी स्नेहल.

* * *

चेतनची खुर्ची रिकामी झाल्याचं सगळ्यात आधी परीक्षा विभागाला कळलं. त्यांना उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवी होती. एक दिवस त्यांचा माणूस टेप घेऊन आला आणि आमच्या डोक्यावरून खोलीचं माप घ्यायला लागला. स्नेहलला म्हणाला, "मॅडम, पाय जरा वर घ्या."

तिनं घेतले. मी 'मले' वर आले.

"मले एक सांग भाऊ, मी जिवंत हाव का गेली?"

"तसं नाही बाई, नुसतं माप."

"मापच कायले घेतेस मंग? मापं दोनच टायमाले घेतेत, लग्नाच्या नाई तं तिरडीच्या."

तो गेला, पण भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करून गेला. स्नेहल दिवसभर त्या खुणांकडे बघत होती.  मी तिला काही विचारलं नाही. आयुष्यभर पोरींना मनातलं बोला म्हणून सांगत आले, पण समोर बसलेल्या पोरीला "तू राहशील का गं?" एवढं विचारायची मला भीती वाटत होती. ती नाही म्हणाली असती तर?

* * *

आता जरा न हसण्यासारखं.

आमच्याकडे आतल्या गावांतली पोरगी एकटी कधी येत नाही. पाच-सहाजणी येतात. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. जानेवारीत अशाच पाचजणी आल्या. त्यातली मनीषा पोटावी पुढे होऊन म्हणाली, "मॅडम, हॉस्टेल सोडाचं हाये."

स्नेहलला प्रशिक्षणातलं आठवलं. गोपनीयता. तिनं चौघींना बाहेर काढलं, दार लावलं, मनीषाला तिरप्या खुर्चीवर बसवलं आणि तासभर बोलली. पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. मनीषा प्रत्येक वेळी वेळेवर आली, सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. स्नेहलनं नोंदवहीत लिहिलं, "सुधारणा समाधानकारक." तिच्या आयुष्यातलं ते पहिलं पूर्ण झालेलं प्रकरण होतं. तिनं त्या दिवशी विभागाला समोसे आणले.

सोमवारी कळलं की एक पोरगी हॉस्टेल सोडून गेली. मनीषा नाही. सुनीता नरोटे. पहिल्या दिवशी पाचजणींच्या पिशव्या खांद्याला लावून दाराशी उभी होती ती.

स्नेहलनं मनीषाला बोलावलं. "अडचण सुनीताची होती?"

"हो मॅडम. वर्गात सरांनी तिले मोठ्यानं वाचाले लावलं. तिचं घरचं बोलणं गोंडी, मराठी अडखळते. सगळे हासले. सर बी हासले. तवापासून ती बोलतच नाई."

"मग तू तीनदा कशाला आलीस माझ्याकडे?"

"तुमी बलावलं म्हणून. नाई आली असती तर तुमाले वाईट वाटलं असतं."

यशोदाबाई दारात उभ्या होत्या. त्या स्नेहलला म्हणाल्या, "मॅडम, बोलणारी अलग ऱ्हायते न् दुखणारी अलग. जिचं दुखते ती बोलत नाई, पिशव्या धरून मागं उभी ऱ्हायते. पह्यले दाराशी कोण हाये ते पाहाचं."

हे पाच दिवसांच्या प्रशिक्षणात नव्हतं, आणि मीही तिला सांगितलं नव्हतं. सहा महिने ती माझ्यासमोर बसत होती. इतकं अंगवळणी पडलेलं की हे कुणाला सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही. चूक तिची कमी, माझी जास्त होती. ते मी तिला त्या दिवशी बोलून दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी स्नेहलनं नोंदवहीत दोन नवे रकाने आखले. एक 'बोलणारी' आणि दुसरा 'अडचण कोणाची'. आणि मग माझ्या टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला. "बाई, हा वर पाठवा. एप्रिलअखेर मोकळी करा मला."

राजीनामा होता. तीन ओळींचा, चांगल्या अक्षरात.

मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. आवकचा शिक्का सापडत नव्हता. शिक्का माझ्या पर्समध्ये होता.

* * *

मार्चमध्ये स्नेहल म्हणाली, "जायच्या आधी सुनीताच्या घरी जाऊन येते."

मी पण निघाले. मनीषा त्याच गावची, ती वाट दाखवायला. पहिल्या बसनं धानोरा, तिथून शेअर जीप, मग पायी. स्नेहलच्या हातात गृहभेटीचा छापील तक्ता होता. कालावधी पंचेचाळीस मिनिटं, प्रश्न सत्तावीस.

घरी कुणीच नव्हतं. मोह पडायचे दिवस. अख्खं गाव झाडांखाली वाकून फुलं वेचत होतं. सुनीता आईसोबत वेचत होती. आम्हाला बघितलं, मान खाली घातली आणि वेचत राहिली. आईनं स्नेहलच्या हातात एक टोपली दिली.

स्नेहलनं तक्ता माझ्याकडे दिला आणि खाली बसली. दोन तास वेचलं. ऊन चढलं, टोपली भरली, तेव्हा आई सावलीला टेकली आणि गोंडीत बोलायला लागली. मनीषा मराठीत सांगत होती.

सत्तावीस प्रश्नांतला एकही विचारायची वेळ आली नाही. प्रश्न आईच विचारत होती.

"तुह्यी माय कुठी असते?"

"नाशिकला."

"तिले फोन करतेस?"

"रोज करते."

"काय सांगतेस?"

"बरी आहे म्हणून सांगते."

आई काहीतरी बोलली. मनीषा टोपलीतली फुलं सारखी करायला लागली. स्नेहल म्हणाली, "काय म्हणाल्या?"

"मावशी म्हणते, माही पोरगी बी फोनवर असंच सांगे."

स्नेहल तिथेच, मोहाच्या टोपलीशी बसून रडली. मोठ्यानं रडली, लपवलं नाही. सुनीता उठली, पाण्यानं भरलेला गुंडा घेऊन आली आणि तिच्याजवळ बसली. मी झाडाकडे बघत होते. मला माझ्या ड्रॉवरमधल्या कागदाची लाज वाटत होती, आणि तो पाठवला नाही याचं बरंही वाटत होतं.

निघताना स्नेहल आईला एवढंच म्हणाली, "चूक माझी झाली. ही माझ्या दारात उभी होती आणि मी दुसरीशीच बोलत बसले."

आठ दिवसांनी मोह सरला आणि सुनीता हॉस्टेलला परत आली. त्याच दुपारी स्नेहल त्या हसणाऱ्या सरांच्या केबिनमध्ये जाऊन आली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण सर तेव्हापासून जिना बदलून जातात.

* * *

एप्रिलात 'मार्गदर्शक अहवाल' भरायचा आला. माझ्या हाताखाली नवीन व्यक्तीचा किती विकास झाला, ते मी एक ते पाच गुणांत सांगायचं. नेतृत्वगुण, भावनिक बुद्धिमत्ता, वेळेचं व्यवस्थापन. वेळेच्या व्यवस्थापनाला मी एक गुण दिला आणि शेजारी लिहिलं, "दोन तास मोह वेचला." भावनिक बुद्धिमत्तेला पाच दिले आणि तेच कारण लिहिलं.

शेवटचा प्रश्न होता, "उमेदवाराने किती प्रकरणे यशस्वीपणे बंद केली?"

मी लिहिलं, "एक बंद केलं होतं. ते तिनं स्वतःच पुन्हा उघडलं."

वरून फोन आला. "बाई, हा काय अहवाल आहे? आणि त्या मॅडम राहणार की जाणार? उद्या बारापर्यंत कळवा. परीक्षा विभाग किल्लीसाठी मागे लागलाय."

मी फोन ठेवला. समोर स्नेहल बसली होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे मला दिसत होतं. मलाही म्हणायचं होतं. ती म्हणाली, "येते बाई." मी म्हणाले, "ये." दोघीही प्रशिक्षण घेतलेल्या.

* * *

दुसऱ्या दिवशी स्नेहल वेळेवर आली नाही. अकरा वाजले. परीक्षा विभागाचा माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता, टेप खिशात. मी ड्रॉवर दोनदा उघडून बंद केला. शिक्का पर्समधून काढून टेबलावर ठेवला.

साडेअकराला दारात पोरींचा घोळका. पाचजणी होत्या. आत आल्या, टेबलासमोर ओळीनं उभ्या राहिल्या. मनीषा होती, पण ती पुढे झाली नाही. पुढे झाली सुनीता. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत तिनं मराठीतली वाक्यं एकेक करून आणली.

"बाई, आमची एक मैत्रीण हाये. तिनं तुमच्यापाशी कागद देल्ला होता. तो तिले वापस पाहिजे."

"कोणता कागद?"

"तुमच्या डावरात हाये म्हणे."

"मग तिनं स्वतः का नाही मागितला?"

सुनीतानं एकदा मागे वळून पाहिलं. "तिले लाज वाटून राह्यली, बाई."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे पाहिलं. यशोदाबाईही तिकडेच बघत होत्या.

ड्रॉवर उघडून मी तो घडीचा कागद सुनीताच्या हातात दिला. तिनं तो न बघता मागे दिला, मागचीनं तिच्या मागे. बाराला पाच मिनिटं कमी असताना मी वर फोन लावला आणि सांगितलं की बाहेर बसलेल्या माणसाला परत बोलावून घ्या, त्याच्यानं दारातली वाट अडते.

नोंदवहीत त्या दिवशीची नोंद माझ्या हातची आहे. बोलणारी, सुनीता नरोटे. अडचण कोणाची, तर पाचजणींच्या पिशव्या खांद्याला लावून दाराशी उभी होती तिची.